आगमनकाळात आशा कशी धरावी: कोकणातील ख्रिस्ती घरांसाठी

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चालतो. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत या सुमारास भात झोडून घरात आलेले असते, मळ्यांत वाल-पावटा पेरलेला असतो, कलमांना मोहोर यावा म्हणून सगळ्यांचे डोळे थंडीकडे लागलेले असतात आणि स्वयंपाकघरात नेवऱ्या व दोदोल यांचे बेत चाललेले असतात. या गडबडीत चार रविवार कधी सरले ते कळतही नाही. परंतु ज्या घरातील कर्ता मुलगा आखातात अडकला आहे, ज्या घरात आजारपण पाय रोवून बसले आहे किंवा वर्षानुवर्षे भावाभावांत बोलणे नाही, त्या घराला फराळापेक्षा आशेची गरज अधिक असते. हे मार्गदर्शन मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

पहिल्या रविवारी एका वहीत आपण नेमकी कशाची वाट पाहत आहोत ते स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘देवा, आम्हांला सुखी ठेव’ ही प्रार्थना चांगली असली तरी तिच्यात आपले दुखणे लपून जाते. त्याऐवजी ‘धाकट्याला नोकरी लागावी’, ‘आईचे डायलिसिस झेपावे’, ‘बहिणीने फोन उचलावा’ असे लिहावे आणि ही वाट किती दिवसांपासून पाहत आहोत तेही खाली नोंदवावे. लिहिताना तक्रार उमटली तर ती खोडू नये. स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र ‘किती काळ?’ या प्रश्नानेच सुरू होते, आणि तो प्रश्न थेट परमेश्वराला विचारलेला आहे. देवाशी भांडणारा माणूस त्याला सोडून गेलेला नसतो. माझ्या मते कोरड्या शब्दांतील पाठ प्रार्थनेपेक्षा अशा तक्रारीत विश्वास अधिक असतो.

यानंतर रोजची एक वेळ ठरवावी. संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर, टीव्ही लावण्यापूर्वी, दहा मिनिटे पुरेशी आहेत. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांचे चक्र घरी करावे. हाम्बुर्ग येथे गरीब मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिनरिक विखेर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या, त्या मुलांना नाताळ किती दूर आहे ते डोळ्यांनी दिसावे म्हणून. त्यामुळे महागड्या सजावटीच्या मागे लागण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या डहाळ्या एका ताटात गोल मांडाव्यात. जांभळ्या मेणबत्त्या न मिळाल्या तर पांढऱ्या मेणबत्त्यांना जांभळी फीत बांधावी आणि तिसऱ्या रविवारच्या मेणबत्तीला गुलाबी.

मेणबत्ती लावल्यावर शास्त्रातील एक उतारा मोठ्याने वाचावा. पहिल्या आठवड्यासाठी यशयाचा चाळिसावा अध्याय योग्य आहे. त्यातील सांत्वनाचे शब्द बाबेलच्या बंदिवासात सुमारे अर्धे शतक काढलेल्या लोकांना उद्देशून आहेत, म्हणजे ज्यांनी आशा जवळजवळ सोडली होती अशांना. दुसऱ्या आठवड्यात लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील जखऱ्याची, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या वडिलांची, कथा घ्यावी, आणि चौथ्यात त्याच अध्यायातील मरियेला मिळालेला येशूच्या जन्माचा निरोप.

तिसऱ्या आठवड्यातील उताऱ्यापाशी मात्र थांबावे. हा आनंदाचा रविवार. आणि मिस्सेतील (चर्चमधील उपासनेतील) वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात पहिल्या वर्षी याच दिवशी मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील शंका वाचली जाते. ज्याने यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला तो योहान तुरुंगातून निरोप पाठवतो, की येणारा तो तूच आहेस की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याच्यावर रागावत नाही, उलट लोकांसमोर त्याची थोरवी सांगतो. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, एवढेच उत्तर तो पाठवतो. तुरुंगाचे दार मात्र उघडत नाही, आणि पुढे योहानाचा तिथेच शिरच्छेद होतो. देवावर भरवसा ठेवला म्हणजे आपले मागणे पुरे होईलच, असे ज्यांना सांगण्यात आले आहे, त्यांनी हा उतारा पुन्हा पुन्हा वाचावा. भरवसा म्हणजे मागितलेल्या गोष्टीची हमी नव्हे. आपण बंद खोलीत असतानाही देवाचे काम बाहेर चालू आहे, हे मानून जगणे होय. म्हणून त्या आठवड्यात वहीच्या दुसऱ्या पानावर, आपल्या मागण्याशी संबंध नसला तरी, आजूबाजूला जे भले घडताना दिसले ते रोज एका ओळीत लिहावे: शेजारच्या आजी दवाखान्यातून घरी आल्या, खाडीपलीकडच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, असे.

घरात लहान मुले असतील तर नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी नाचणी पेरण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. नाताळच्या साधारण दोन आठवडे आधी नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड काढावेत, मग पसरट परातीत मातीच्या पातळ थरावर पसरून रोज हाताने पाणी शिंपडावे. पहिले काही दिवस माती नुसती काळी दिसते आणि मुले बोटाने उकरून पाहतात. उकरलेले कोंब मात्र मोडतात. तिथे आपण रागावू नये, फक्त उद्या पुन्हा पाणी घालायला सांगावे.

वाट पाहणे एकट्याने करू नये. निरोप मिळाल्यावर मरिया घरात बसून राहिली नाही. ती डोंगराळ प्रदेशातील आपल्या नात्यातल्या अलिशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. दर आठवड्याला एका अशा घरी जावे जिथे कोणी कशाची तरी वाट पाहत आहे. सोबत नेवऱ्यांचा डबा न्यावा, पण उपदेश नेऊ नये. ऐकून घ्यावे आणि निघताना ‘आपण मिळून प्रार्थना करू का?’ असे विचारावे. समोरच्याने नको म्हटले तर तेही मान्य करावे.

नात्यातील दुराव्याने ज्यांची आशा खचली आहे त्यांच्यासाठी आपल्याच मातीतील एक उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही आपल्या विचाराने तोच मार्ग धरला. त्या मधल्या वर्षांत दोघांनाही पुढचे काही दिसत नव्हते.

१७ डिसेंबरपासूनचे दिवस अधिक शांततेने घालवावेत. पापनिवेदन याच दिवसांत, चर्चमध्ये शेवटची रांग लागण्यापूर्वी, उरकावे. २४ तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेला जाण्यापूर्वी वही उघडून दोन्ही पाने वाचावीत. पहिल्या पानावरचे काही पूर्ण झाले असेल तर त्यापुढे तारीख घालून आभार मानावेत. जे राहिले असेल ते नव्या पानावर पुन्हा उतरवून घ्यावे आणि रोजची दहा मिनिटे जानेवारीतही चालू ठेवावीत. मन इतके खचले असेल की झोप, जेवण आणि कामही सुटत चालले आहे, तर नाताळ होऊन जाण्याची वाट न पाहता फादरांशी बोलावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवावे.