सोलापूरच्या उन्हाळ्यात चॉकलेट: कोको बटरऐवजी कोणतं फॅट, किती आणि कसं

एप्रिल उजाडला की सोलापुरात घरगुती चॉकलेट करणारे एकच गोष्ट विचारतात: उन्हात न वितळणारं फॅट कोणतं? उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. तोंडातलं तापमान साधारण 37 अंश. 42 अंशांच्या दुकानात जे फॅट घट्ट राहील ते तोंडातही घट्टच राहणार आणि टाळूला मेणासारखं चिकटणार. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं फॅट, 33-34 अंशांना वितळतं, म्हणून जिभेवर ठेवताच ते विरघळून जातं. फॅट बदलून चार घटका जास्त तग धरणारं, लवकर न मऊ पडणारं चॉकलेट करता येतं. भर दुपारी टपरीवर उघडं ठेवता येईल असं चवदार चॉकलेट मात्र कोणत्याच फॅटने होत नाही. तिथे फ्रिज किंवा थर्माकोलची पेटीच लागते.

आधी कूळ ओळखा

कोको बटरचा सुमारे 80 टक्के भाग तीनच जातींच्या रेणूंचा असतो. तिन्हींत मधोमध ओलिक आम्ल आणि दोन्ही टोकांना पामिटिक किंवा स्टिअरिक, ही सगळी फॅटमधली आम्लं. रेणू जवळपास एका मापाचे असल्यामुळे ते चादरींच्या घड्यांसारखे नीट थप्पी लावून बसतात. म्हणून वडी खटकन तुटते आणि चमकते. चादरींच्या थप्पीत मधूनमधून टॉवेल सरकवले तर थप्पी डगमगते. वेगळ्या मापाचं फॅट मिसळलं की चॉकलेटचंही तसंच होतं.

कोकम, सालवृक्ष, शिया, इलिपे, आंब्याची कोय आणि पाम तेलाचा मधला भाग यांतलं फॅट कोको बटरच्याच घडणीचं असतं. युरोपीय संघाने 2000 साली खऱ्या चॉकलेटमध्ये 5 टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी दिली ती याच सहा झाडांच्या फॅटना. ही कोको बटरची सख्खी भावंडं.

दुसरं कूळ पाम कर्नल आणि खोबरेल यांचं, म्हणजे लॉरिक फॅटचं. बाजारात मिळणारं बहुतेक कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं फॅट घालून केलेलं चॉकलेट, यातलं. तिसरं कूळ सोयाबीन, सरकी, पाम अशा तेलांना हायड्रोजन देऊन घट्ट केलेल्या फॅटचं. ही प्रक्रिया अर्धवट केली की ट्रान्स फॅट तयार होतं. भारतात 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे. घरच्या कामाला या कुळाची गरज नाही. डालडा तर नकोच. चॉकलेट मऊही होतं आणि मेणचटही.

खऱ्या चॉकलेटमध्ये कोकम

आपल्या हाताशी असलेला सगळ्यात चांगला पर्याय कोकमच्या बियांचं तेल. कोकणात भिरंडेल म्हणतात ते, टाचांच्या भेगांना लावतात त्याच गोळ्याचं. ते साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून थोडं घातलं तरी चॉकलेटला कडकपणा येतो. हातवळणीचा गोळा मात्र चॉकलेटला वापरू नका, त्याला वास असतो आणि गाळ राहतो. खाण्यासाठीचं रिफाइंड कोकम बटर घ्या. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातलं नको.

एक किलोसाठी 955 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 45 ग्रॅम कोकम बटर. चॉकलेटच्या वेष्टनावर फॅट म्हणून फक्त कोको बटर लिहिलेलं असावं. त्यातलं 700 ग्रॅम चॉकलेट कोकम बटरसह डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, 50 अंशांपर्यंत न्या. कोकमचा एकही दाणा शिल्लक राहता कामा नये, नाहीतर पुढे वडीत पांढरे ठिपके दिसतात. आता भांडं उतरवा आणि तळ लगेच पुसा. पाण्याचा एक थेंब आत गेला तर मिश्रणाचा चिखल होतो.

34-35 अंशांवर आलं की उरलेलं 255 ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून तीन हप्त्यांत घाला आणि सतत ढवळा. या तुकड्यांतले तयार स्फटिक विरजणाचं काम करतात. कोको बटर सहा प्रकारांनी गोठू शकतं. चमक आणि खटका देणारा त्यातला पाचवा, तोच आपल्याला हवा. 32 अंशांवर थांबा. सुरीचं टोक बुडवून 22 अंशांच्या खोलीत ठेवा. पाच मिनिटांत चमकदार गोठलं तर साच्यात ओता. रेघा उमटल्या तर विरजण कमी पडलं, अजून थोडे तुकडे घाला. कोकममुळे मिश्रण नेहमीपेक्षा लवकर घट्ट होतं. तसं झालं तर हेअर ड्रायरने अर्धा-एक अंश वाढवा. 34 च्या वर गेलं तर स्फटिक वितळतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एसी नसेल तर मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावं. 35 अंशांच्या खोलीत टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट तापवून-गार करून हवे ते स्फटिक जमवणं, होत नाही, हात कितीही सराईत असला तरी.

कंपाउंड घरी करायचं तर

लॉरिक फॅटचा मोठा फायदा म्हणजे टेम्परिंग लागत नाही, ते गोठतं तेच स्थिर रूपात. एक किलोसाठी पिठीसाखर 466 ग्रॅम, पाम कर्नलचं कोको बटर सब्स्टिट्यूट 320, कोको पावडर 140, साय काढलेल्या दुधाची पावडर 70, लेसिथिन (मिश्रण पातळ ठेवणारा घटक) 4. ग्राइंडरमध्ये जिभेला कण लागेनासा होईपर्यंत दळा. लेसिथिन शेवटच्या तासाला. 45 अंशांवर वितळवा, 40 च्या आसपास ओता आणि लगेच 8-12 अंशांत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हळू थंड केलं तर चमक जाते.

सगळ्यात जास्त चुका कोको पावडर निवडताना होतात. लॉरिक फॅटला कोको बटर सोसत नाही. एकूण फॅटच्या साधारण 5 टक्क्यांपर्यंतच चालतं. गणित करून पाहा. 11 टक्के फॅटची 140 ग्रॅम पावडर म्हणजे 15 ग्रॅम कोको बटर. एकूण फॅट 335, त्यात 15 म्हणजे साडेचार टक्के. जमलं. तीच पावडर 23 टक्के फॅटची घेतली तर 32 ग्रॅम, म्हणजे 9 टक्के. वडी मऊ पडते आणि काही आठवड्यांत पांढरी होते. महाग पावडर घेतली म्हणून माल बिघडला, असं इथे खरोखर घडतं.

याच कारणाने चव सुधारायला कंपाउंडमध्ये निम्मं खरं चॉकलेट ओतू नका. दोन्ही कडक असली तरी मिश्रण दोघांपेक्षा मऊ होतं. चव वाढवायची तर चिमूटभर मीठ आणि थोडी इन्स्टंट कॉफी घाला. साचे, कढया, ग्राइंडर दोन्हींसाठी वेगळे ठेवले तर उत्तम. भांड्याला चिकटलेलं कंपाउंडही पुढच्या खऱ्या चॉकलेटला भोवतं.

शेंगा, खोबरं, डाळिंब

सोलापुरात शेंगदाणा घातल्याशिवाय राहवत नाही, पण दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. ते हळूहळू बाहेर पाझरून वडी मऊ आणि पांढुरकी करतं. दाणे अख्खे, खमंग भाजलेले आणि पूर्ण गार झालेले घ्या. कुटात तेल मोकळं होतं, म्हणून तो शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आत.

खोबऱ्याचं सारण कंपाउंडच्या कवचात चालतं, कूळ एकच. खऱ्या चॉकलेटच्या कवचात तेच सारण आठवडाभरात कवच मऊ करतं. डाळिंबाचे ओले दाणे कशातच नकोत. ओल आणि विकरं (एन्झाइम) मिळून लॉरिक फॅटमधलं लॉरिक आम्ल सुटं करतात आणि वडीला साबणाची चव येते. ओला चमचा, ओलसर सुकामेवा, झाकण उघडं राहिलेली कोको पावडर, सगळ्यांचा शेवट तोच. ही चव आली की माल टाकून द्यावा, दुरुस्ती नाही.

पांढरा थर दिसला तर बोट फिरवा. बोटाच्या उबेने नाहीसा झाला तर तो फॅटचा: टेम्परिंग चुकलं, उष्णता लागली किंवा दोन कुळं मिसळली. खरखरीत लागला आणि गेला नाही तर तो साखरेचा: फ्रिजमधून काढून लगेच उघडल्याने दव धरलं. हे पावसाळ्यात जास्त होतं. डबा बंद ठेवूनच तासभर बाहेर राहू द्या, मग उघडा.

विकताना कंपाउंडच्या डब्यावर कंपाउंड असंच लिहा, आणि कोकम घातलं असेल तर तेही.