लाटेकच्या फाइलमध्ये मराठी स्पेलचेक लावताय? या चुका टाळा

आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका मी लाटेकात, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायच्या प्रणालीत, जुळवली. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं. काही लेख मोबाइलवर टाइप करून आलेले, काही तालुक्याच्या डीटीपीच्या दुकानातून. टेकस्टुडिओत (लाटेकच्या फाइली लिहायच्या एडिटरात) स्पेलचेकचा मराठी कोश लावला आणि पहिल्याच पानावर ‘वऱ्हाड’खाली लाल रेघ. कोशाला वऱ्हाड माहीत नसेल म्हणून शब्द कोशात टाकला. पुढच्या लेखातला ‘वऱ्हाड’ पुन्हा लाल, तोही टाकला. शेवटी शब्दसूची काढली तर ‘वऱ्हाड’ दोनदा, एकाखाली एक, पानांचे आकडे वेगळे. डोळ्यांना मात्र दोन्ही हुबेहूब.

लाल रेघ दिसली की शब्द कोशात ढकलायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी शब्द आतून कसा लिहिलाय ते बघा. वऱ्हाड, गोऱ्हा, शेतकऱ्यांनी यांतला अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ आणि हलन्त; साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक (झिरो विड्थ जॉइनर); किंवा साधा र, वेगळा नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त. कागदावर एकच अक्षर, संगणकाला तीन शब्द. ओळखायची सोपी खूण सांगतो. ‘ऱ्ह’च्या मागे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. बहुतेक एडिटरांत मागून एकेक चिन्ह पुसलं जातं. ह गेला, हलन्त गेला आणि खाली टिंब असलेला र उरला, तर पहिली किंवा तिसरी तऱ्हा. आणखी एकदा दाबल्यावर अख्खा र गेला तर पहिली, नुसतं टिंब गेलं तर तिसरी. टिंब दिसलंच नाही आणि मधला एक दाब कुठे गेला ते कळलं नाही, तर तो जोडक.

युनिकोडची, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण व्यवस्थेची, शिफारस पहिल्या तऱ्हेची आहे, दुसरी जुन्या मजकुरासाठी चालवून घेतात. तुमचा कोश काय वापरतो ते त्याची डीआयसी फाइल (शब्दांची यादी) उघडून पाहा आणि सगळ्या लेखांवर फाइंड-रिप्लेस एकदाच चालवा. टर्मिनलशी दोस्ती असेल तर हनस्पेल या स्पेलचेकरच्या एएफएफ फाइलमध्ये (प्रत्ययांच्या नियमांची फाइल) ‘आयकॉन्व्ह’च्या ओळी टाकून तपासणीपुरतं रूपांतर करता येतं. पण त्यानं मूळ फाइल सुधारत नाही, सूची दुभंगलेलीच राहते. म्हणून मी रिप्लेसच करतो.

हाच घोळ ‘ॲ’चा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. त्याआधीच्या सवयीनं कोणी अ वर चंद्र देतो, कोणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ दाबतो. आमच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थी वकील बरेच, त्यामुळे ‘ॲड.’ तिन्ही रूपांत हजर होता.

दुकानातून आलेली फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टात असेल तर स्पेलचेक लावूच नका. तिथे आत रोमन अक्षरं असतात, फक्त फॉन्ट मराठी दाखवतो. आधी युनिकोडमध्ये बदला, मग पहिल्या वेलांट्या आणि रफार डोळ्यांखालून घाला, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

कोश उचलतच नाही, अशी तक्रार असेल तर डीआयसी आणि एएफएफ या दोन्ही फाइली एकाच नावानं एकाच फोल्डरात आहेत का ते बघा. एक असून भागत नाही. नेटवरून उतरवताना कधी कधी कोशाऐवजी वेबपानच सेव्ह होतं. फाइल उघडून वर एचटीएमएल दिसलं की समजा. लिब्रेऑफिसचं ओएक्सटी एक्स्टेन्शन टेकस्टुडिओत भाषा-तपासणीच्या पानावरून सरळ इम्पोर्ट होतं.

पॉलिग्लॉसिया या लाटेकच्या भाषा-पॅकेजात भाषा मराठी केली म्हणजे स्पेलचेक मराठी झालं, असं नाही बरं का. ती सेटिंग छपाईची. एडिटरला वेगळं सांगावं लागतं: टेकस्टुडिओत फाइलच्या वर ‘टेक स्पेलचेक’ची टिप्पणी टाकून ‘एमआर_आयएन’ लिहा. (चिन्हं इथं देवनागरीत देतोय, तुम्ही रोमनमध्ये टाका.) टर्मिनलवर हनस्पेलला ‘वजा-टी’ दिलं नाही तर लाटेकच्या आज्ञाही चुका म्हणून येतात. इनपुटनं जोडलेल्या फाइलींमागे तो जात नाही, प्रत्येक फाइल वेगळी द्या.

गावांच्या नावांसाठी स्वतःची यादी हवीच. पण ‘पिंपळगावात’, ‘पिंपळगावला’, ‘पिंपळगावच्या’ असं एकेक रूप भरत बसू नका, जन्म जाईल. हनस्पेलच्या खाजगी यादीत ‘पिंपळगाव’पुढे तिरकी रेघ देऊन ‘गाव’ लिहा. कोशात ‘गाव’ला प्रत्यय लावलेले असतील तर तेच नव्या शब्दाला लागतात. आणि शब्दाआधी तारा (*) दिला की तो शब्द बंदच होतो, म्हणजे चूक म्हणून दाखवला जातो. मी ‘पिक’ असा बंद केलाय. पीक दीर्घ, पिकाला ऱ्हस्व; पण लेखांत सगळीकडे ‘पिक विमा’.

जे बंद करता येत नाही त्याचं काय? एका आठवणीत ‘वीस मन जवारी’ होतं. आपल्याकडे ण चा न होतो, कान तसं ऐकतात, बोटं तसं टाइप करतात. ‘मन’ हा बरोबर शब्द असल्यानं रेघ नाही. प्रुफात एका निवृत्त गुरुजींनी पकडलं.

जात्यावरच्या ओव्या तर मी वेगळ्याच फाइलीत काढल्या आणि तिच्यावर हनस्पेल चालवलाच नाही. ‘डोया’चा ‘डोळा’ करायला सुचवणाऱ्या यंत्राचं तिथे काम नाही. त्या ओव्या सांगणाऱ्या आजीपुढे बसून वाचल्या. तिनं दोन ठिकाणी थांबवलं, एका ठिकाणी ओळच राहिली होती.