रोगप्रतिकारक जनुकांचा भौतिक नकाशा : या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या मराठी घरांत जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या मुलामुलींपुढे औषध कंपनी, बी.एड. नाहीतर पॅथॉलॉजी लॅब एवढ्याच वाटा ठेवल्या जातात. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बाहेर पडून मी गुणसूत्रांच्या कामात शिरले आणि पुढे रोगप्रतिकारक जनुकांच्या नकाशाचा विषय धरला. त्याविषयी विचारायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना जे सांगते, तेच इथे लिहीत आहे.

आधी आनुवंशिक नकाशा आणि भौतिक नकाशा यांतला फरक पक्का करावा. पहिल्यात दोन जनुकांमधले अंतर पुनःसंयोजन (जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) किती वेळा होते यावरून ठरते, तर दुसऱ्यात ते डीएनएच्या बेसजोड्यांत मोजले जाते. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, ६पी२१.३ या पट्ट्यात (पी म्हणजे आखूड भुजा, क्यू म्हणजे लांब), एचएलए जनुके, म्हणजे शरीराला आपले-परके ओळखायला मदत करणारी जनुके, आहेत. ती पिढ्यान्‌पिढ्या बहुधा गठ्ठ्यानेच उतरतात, त्यामुळे कोणाच्या शेजारी कोण हे केवळ कुटुंबांच्या अभ्यासातून नेमके ठरवणे अवघड होते. त्यासाठी पल्स्ड फील्ड जेल (डीएनएचे मोठे तुकडे वेगळे करणारी पद्धत), कॉस्मिड आणि यीस्टमधील कृत्रिम गुणसूत्रे (डीएनएचे तुकडे साठवणारे वाहक) अशी साधने वापरावी लागली, आणि १९९९ मध्ये या भागातील सुमारे ३६ लाख बेसजोड्यांचा क्रम प्रसिद्ध झाला, त्यात २२४ जनुकस्थाने नोंदलेली आहेत. पाठ्यपुस्तकात या भागातील जनुकांचे वर्ग १, २, ३ असे वाचून गुणसूत्रावरही तोच क्रम असेल असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात सेंट्रोमिअरच्या (दोन भुजा जुळतात त्या जागेच्या) बाजूने वर्ग २, मग सी४ आणि टीएनएफ ही जनुके असलेला वर्ग ३ आणि शेवटी वर्ग १ येतो.

बाकीचे पत्ते पाठ करायला फारसा वेळ लागत नाही : प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) जड साखळीची जनुके १४क्यू३२ वर, हलक्या साखळ्यांपैकी कप्पाची २पी११ वर आणि लॅम्डाची २२क्यू११ वर, टी-पेशी ग्राहकाची ७ आणि १४ या गुणसूत्रांवर, नैसर्गिक मारक पेशींच्या केआयआर ग्राहकांची १९क्यू१३.४ वर.

खरे शिक्षण स्लाइडवर होते. रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्यायचे, पेशींना विभाजनाला लावणारे फायटोहिमॅग्लुटिनिन घालून ३७ अंशांवर सुमारे ७२ तास वाढवायचे, कोल्सेमिडने विभाजन थांबवायचे, पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात पेशी फुगवायच्या आणि मिथेनॉल व अॅसेटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात धरून त्या काचेवर थेंबाथेंबाने टाकायच्या. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत थेंब हळू वाळतो आणि गुणसूत्रे जास्त पसरतात, तर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पटकन सुकतो आणि गुणसूत्रे गुंतून बसतात. म्हणून ज्या लॅबमध्ये हवेची आर्द्रता रोज टिपून ठेवतात, तिथे शिकावे असे माझे मत आहे.

या कृतीतच एक मेख आहे. फायटोहिमॅग्लुटिनिनने प्रामुख्याने टी-पेशी विभाजित होतात, आणि टी-पेशींनी आपल्या ग्राहकाची जनुके थायमसमध्येच कापून जोडलेली असतात. निरोगी माणसाच्या अशा कल्चरमध्येही ७ आणि १४ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची क्वचित अदलाबदल दिसते, ती याच कापाकापीची खूण. प्रतिपिंडांच्या जनुकांबाबत हीच अडचण बी-पेशींच्या लाइन्समध्ये (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशीरेषांमध्ये) येते. म्हणून जीआरसीएच३८ या मानवी संदर्भक्रमात जड साखळीच्या भागासाठी एका हायडॅटिडिफॉर्म मोलमधला (फलन बिघडून झालेल्या असामान्य गर्भपेशींच्या वाढीतला) डीएनए वापरला गेला : त्यात वडिलांकडचीच एकसारखी प्रत असते आणि ती कापलेली नसते. कोणाचा आणि कोणत्या पेशीचा डीएनए, हा प्रश्न या विषयात प्रत्येक पायरीवर विचारावा लागतो.

घरी बसून करता येईल असा सराव हवा असेल तर यूसीएससी जीनोम ब्राउझर हे संकेतस्थळ उघडून जीआरसीएच३८ मध्ये सहाव्या गुणसूत्राच्या मुख्य क्रमावर एचएलए-डीआरबी४ हे जनुक शोधावे. ते तिथे सापडत नाही, डीआरबी५ मात्र सापडते, कारण हा मुख्य क्रम डीआर१५ या एचएलए प्रकारच्या पेशीरेषेवरून घेतलेला आहे आणि त्या प्रकारात डीआरबी४ नसतेच. ज्यांच्याकडे डीआर४ आहे त्यांच्यात ते असते, त्यामुळे संदर्भक्रमासोबत दिलेल्या या भागाच्या पर्यायी क्रमांत ते दिसते. ‘जनुक गहाळ आहे’ असे अहवालात लिहिण्याआधी हे सात पर्यायी क्रम पाहिलेच पाहिजेत. जीआरसीएच३७ (आधीची आवृत्ती) आणि ३८ यांचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत, हे सांगायची गरज पडू नये; पण पडते.

नोकरीच्या दृष्टीने पाहिले तर मूत्रपिंड व अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी एचएलए टायपिंग लागतेच, आणि रक्ताच्या कर्करोगांच्या निदानात १४क्यू३२ तुटले आहे का हे फिशने (चमकणाऱ्या डीएनए-खुणांनी गुणसूत्रावरची जागा दाखवणाऱ्या चाचणीने) तपासतात. बर्किट लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगात आठव्या गुणसूत्रावरचे मायसी जनुक बहुधा याच ठिकाणी येऊन चिकटते. या दोन्ही कामांत सूक्ष्मदर्शकावरची सफाई आणि थोडे लिनक्स व पायथन येणाऱ्याला लवकर जबाबदारी मिळते. नुसते प्रोग्रॅमिंग येणारे उमेदवार बरेच येतात, पण स्लाइडवरचे चौदावे आणि पंधरावे गुणसूत्र वेगळे ओळखणारे कमी. म्हणून एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गुणसूत्रे हाताळायला मिळतील असा मार्गदर्शक निवडावा. संगणकाचा भाग नंतर शिकता येतो.