सुधारलेला स्पेक्ट्रम जाणकारांपुढे कसा मांडावा

जुने घरगुती संगणक जपणारी चार माणसे एका टेबलाभोवती जमली की यंत्र सुरू होण्याच्या आधीच एक प्रश्न येतो : "यात मूळचे किती आणि नवे किती?" विचारणाऱ्याने स्वतः अशा यंत्रावर रात्री घालवलेल्या असतात आणि त्याला खरोखर जाणून घ्यायचे असते. सुधारणा केलेले यंत्र मांडणे म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर टेबलावर डोळ्यांना दिसेल असे ठेवणे, असे मी मानतो. पुढील सूचना झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी आहेत, कारण तेच यंत्र मला आतून माहीत आहे. मात्र यातील बराच भाग त्या काळातील इतर यंत्रांनाही लागू पडेल.

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ के (किलोबाइट) स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ के स्मृतीच्या यंत्राची १७५ पौंड होती. झेड-८०ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झचा वेग, २५६ बाय १९२ ठिपक्यांचे चित्र आणि रिक डिकिन्सन यांनी आखलेली छोटी काळी पेटी, एवढ्यावर ब्रिटनमधील एक अख्खी पिढी प्रोग्रॅमिंग शिकली. ऑक्टोबर १९८४ मध्ये कडक कळांचा स्पेक्ट्रम प्लस आला आणि पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तोच परवान्याने भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. त्यामुळे आपल्याकडेही एखाद्या घराच्या माळ्यावर, जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यामागे, हे यंत्र अजून सापडू शकते.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

माळ्यावरून उतरवलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा एकदिश पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनचा मध्यबिंदू ऋण असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ॲडॉप्टरांचा मध्यबिंदू धन असतो, म्हणजे पिन बसते पण प्रवाह उलटा जातो आणि यंत्र मरते. ॲडॉप्टर विकत घेतल्यावर त्याची दिशा मल्टिमीटरने स्वतः तपासावी आणि त्याच्या वायरीला "फक्त स्पेक्ट्रमसाठी" अशी चिठ्ठी पक्की चिकटवावी. प्रदर्शनाच्या टेबलाखाली पाच-सहा काळे ॲडॉप्टर एकत्र पडलेले असतात, तेव्हा ही चिठ्ठीच यंत्र वाचवते.

पेटी उघडल्यावर पहिले लक्ष स्मृतीच्या चिपांकडे द्यावे. खालची १६ के स्मृती ४११६ जातीच्या आठ चिपांची असते आणि या चिपांना तीन वेगवेगळे दाब लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. अधिक १२ आणि उणे ५ हे दाब यंत्रातीलच एक वेटोळे आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. उणे ५ नाहीसा झाला आणि बाकीचे दोन चालू राहिले, तर चिपा तापून निकामी होतात. म्हणून यंत्र सुरू केल्याबरोबर चिपेच्या पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर अधिक १२ आणि नवव्यावर अधिक ५ मिळतो की नाही, हे मोजावे. मोजमाप जुळले तर पडदा क्षणभर काळा होऊन पांढरा होतो आणि तळाशी कंपनीच्या हक्काची, १९८२ साल असलेली ओळ उमटते. रंगीत चौकोनांची गोधडी दिसून तशीच गोठून राहिली, तर आधी खालच्या स्मृतीवर संशय घ्यावा.

कीबोर्डच्या आतील प्लॅस्टिकच्या पडद्याला अधिक नाजूकपणे हाताळावे लागते. त्या पडद्याच्या दोन पट्ट्या मुख्य बोर्डावरील सॉकेटात शिरतात आणि चार दशकांनंतर त्या पट्ट्या वाळलेल्या पिंपळपानासारख्या झालेल्या असतात. वरचे झाकण नेहमीच्या सवयीने झटकन उचलले, की बारीकसा 'टिक' आवाज येतो, पट्टीवर आडवी रेघ उमटते आणि पाच कळांचा एक संच कायमचा मुका होतो. झाकण एका कडेने दोन बोटे वर करावे, पट्ट्या सॉकेटाजवळ धरून सरळ वर ओढाव्यात आणि त्या दुमडणार नाहीत याची काळजी घ्यावी. नव्याने बनवलेले पडदे मिळतात, आणि प्रदर्शनात दिवसभर अनेकांची बोटे पडणार असतील तर नवा पडदा आधीच बसवून घ्यावा. हा बदल करताना मला कधीही संकोच वाटलेला नाही. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही याच बैठकीत बदलून टाकावेत.

कोणत्या सुधारणा कराव्यात

माझा नियम एकच आहे : केलेला प्रत्येक बदल एका संध्याकाळी पूर्ववत करता आला पाहिजे. पेटीला भोक पाडणे, बोर्डावरचा तांब्याचा माग कापणे, मूळ भाग काढून फेकून देणे, यांपैकी काहीही करू नये. ही यंत्रे पुन्हा बनणार नाहीत.

या नियमात बसणारी पहिली सुधारणा चित्राची आहे. मूळ यंत्र टीव्हीच्या अँटेनाच्या मार्गाने चित्र पाठवते आणि ते धूसर असते. चित्राचे अँटेनाच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या, बोर्डावरील मॉड्युलेटरच्या धातूच्या डबीत दोन वायरी शिरतात, एक पाच व्होल्टची आणि दुसरी चित्राची. पाच व्होल्टची वायर सोडवून तिचे टोक बंद करावे आणि चित्राची वायर आतल्या आत थेट बाहेरच्या सॉकेटाच्या मध्याला जोडावी. मग त्याच जुन्या भोकातून कॉम्पोझिट चित्र, म्हणजे टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटात थेट जाणारे चित्र, मिळते आणि अक्षरांच्या कडा लख्ख होतात.

दुसरी सुधारणा उष्णतेची आहे. यंत्राला ५ व्होल्ट पुरवणारा ७८०५ हा रेग्युलेटर ९ व्होल्टमधील जास्तीचा दाब उष्णता करून टाकतो, आणि पुढे जोडलेली उपकरणेही त्याच्याकडूनच ५ व्होल्ट घेतात. त्याच तीन भोकांत बसणारा आणि फार कमी तापणारा स्विचिंग रेग्युलेटर लावल्यास यंत्र दिवसभर कोमट राहते. मे महिन्यात पंख्याखालीही घाम येणाऱ्या दालनात हा बदल फार उपयोगी पडतो.

तिसरी सुधारणा लोकांना सर्वात आधी दिसते. डिव्हएमएमसी नावाचे छोटे उपकरण यंत्रामागील कडेच्या जोडणीत बसते आणि एसडी कार्डवरून प्रोग्रॅम चढवते. कार्डावर ईएसएक्सडॉस ही फाइली हाताळणारी प्रणाली ठेवली आणि उपकरणावरचे बटण दाबले, की फाइलींची यादी समोर येते. बहुतेक डिव्हएमएमसींवर जॉयस्टिकची जोडणीही असते. हे उपकरण लावताना किंवा काढताना यंत्र बंदच असले पाहिजे, हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. एका बैठकीत पाहुणे वाट पाहत होते आणि घाईत मी चालू यंत्राला ते जोडले. जोडणी केसभर तिरपी लागली, शेजारचे दोन संपर्क एकमेकांना टेकले आणि पडद्यावर उभे पट्टे उमटून यंत्र थांबले. एक ट्रान्झिस्टर आणि दोन ४११६ चिपा बदलाव्या लागल्या. तेव्हापासून माझ्या टेबलावर यंत्राच्या मागे एक छोटा फलक असतो : "मागचे काहीही हलवण्यापूर्वी वीज काढावी." कडेच्या जोडणीचे संपर्क पावसाळी हवेत काळे पडतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसावेत, खोडरबराने घासू नयेत, कारण त्याने वरचा मुलामा निघतो.

टेबलाची मांडणी

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही मिळत असेल तर तोच न्यावा, जड असला तरी. या यंत्राचे रंग आणि कडा त्या काचेसाठीच बेतलेले होते. नवा सपाट टीव्ही वापरायचा असल्यास तोच विशिष्ट टीव्ही घरी आधी जोडून पाहावा, कारण ४८ के स्पेक्ट्रम सेकंदाला ५०.०८ चित्रे पाठवतो आणि काही टीव्हींना हे किंचित वेगळे संकेत पचत नाहीत. कधी रंग जातो, तर कधी चित्रच येत नाही. आवाजाचीही सोय करावी. यंत्राच्या पोटातला छोटा भोंगा गर्दीत ऐकू येत नाही, म्हणून मागच्या इअर सॉकेटातून वायर काढून एक लहान ॲम्प्लिफायर असलेला स्पीकर जोडावा. वीज जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी छोटा यूपीएस सोबत ठेवावा.

यंत्राच्या उजव्या हाताला एक पुठ्ठ्याचे कार्ड असावे आणि त्यावर दोन रकाने असावेत : डावीकडे मूळ भाग, उजवीकडे बदललेले भाग व बदलाचे वर्ष. त्या कार्डापुढे पारदर्शक झाकणाच्या डबीत काढलेले भाग ठेवावेत, म्हणजे तडकलेली पट्टी, जळालेल्या चिपा, जुना रेग्युलेटर त्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यासह. माझा अनुभव असा, की जाणकार मंडळी चालू यंत्रापेक्षा या डबीवर जास्त वेळ वाकलेली असतात. एखादा निकामी बोर्ड हाती असेल तर तोही उघडा मांडावा, कारण फेरांटी कंपनीने बनवलेली, चित्र, कीबोर्ड आणि आवाज सांभाळणारी युएलए चिप बोटाने दाखवता आली की अर्धे स्पष्टीकरण आपोआप होते. यंत्राच्या आत एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी घडवता येणाऱ्या चिपेवर, उभारलेली नवी प्रतिकृती असेल, तर तेही कार्डावर ठळक लिहावे; अशा प्रतिकृतीतही भरपूर कौशल्य असते, पण पाहणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे.

काय दाखवावे

सुधारणेचे मोल कळण्यासाठी आधीची अडचण दिसावी लागते. म्हणून एकच खेळ दोनदा चढवावा. पहिल्यांदा कॅसेटवरून : जे ही एकच कळ दाबताच पूर्ण 'लोड' शब्द उमटतो, मग अवतरणचिन्हे दोनदा, मग टेपरेकॉर्डरचे बटण. पडद्याच्या कडेला लाल व आकाशी पट्टे सरकू लागतात, एक लांब शिट्टी ऐकू येते, आणि नंतर पिवळे-निळे बारीक पट्टे थरथरत किंचाळू लागतात. ४८ के पूर्ण भरायला साधारण पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे कापू नयेत. याच वेळात लोक आपापल्या आठवणी सांगू लागतात, आणि त्या ऐकाव्यात. त्यानंतर तोच खेळ एसडी कार्डवरून दोन-तीन सेकंदांत चढवावा. १९८३ सालचा 'मॅनिक मायनर' यासाठी चांगला, कारण खेळ चालू असतानाच संगीत वाजवण्याची करामत त्यात एवढ्याशा भोंग्यावर साधलेली आहे.

मात्र खेळांवर थांबू नये. स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत आपली स्वतःची २१ अक्षरे घडवता येतात आणि प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे असते. या सोयीत देवनागरी फार सुंदर बसते. पाहुण्याला चौकटीचा कागद आणि पेन्सिल द्यावी व 'म' काढायला सांगावे : पहिल्या ओळीतील आठही घरे भरली की शिरोरेषा झाली, शेवटून दुसऱ्या रकान्यात उभी काडी, डावीकडे खाली उतरणारी गाठ आणि मधून तिला काडीशी जोडणारी आडवी रेघ. प्रत्येक ओळ 'बिन' या शब्दापुढे शून्ये व एक यांच्या रूपात लिहून 'पोक' करावी, म्हणजे त्या आज्ञेने स्मृतीत ठेवावी, आणि अक्षर पडद्यावर येते. स्पेक्ट्रममध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या मध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे 'म' आणि 'न' शेजारी छापताच शिरोरेषा अखंड जुळते. वेलांटी किंवा मात्रा हवी असेल तर मात्र वरच्या घरातही एक वेगळे अक्षर खर्ची घालावे लागते, आणि २१ अक्षरे किती लवकर संपतात हे तिथे कळते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मी या खेळात तासभर रमलेले पाहिले आहे.

पाहुण्यांना कळा दाबू द्याव्यात. एका कळेवर पाच-सहा अर्थ असल्यामुळे नवखा माणूस अडखळतो, म्हणून मोजक्या कळांचा तक्ता मराठीत लिहून समोर ठेवावा आणि प्लसच्या डाव्या कडेला असलेले रिसेटचे बटण कुठे आहे हेही दाखवून द्यावे. ट्यूबच्या पडद्याचा फोटो घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याची गती सेकंदाचा पन्नासावा किंवा पंचविसावा भाग ठेवावी, म्हणजे काळा पट्टा येत नाही.

दिवस संपताना वीज लगेच काढू नये. लोकांनी घडवलेली अक्षरे स्मृतीत असतात आणि वीज जाताच ती पुसली जातात. २१ अक्षरे मिळून १६८ बाइट होतात. इअरची वायर काढून, माइकच्या वायरीने टेपरेकॉर्डर जोडून ती कॅसेटवर उतरवायला काही सेकंदच लागतात. कॅसेटच्या चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण लिहावे, मग वीज काढावी, त्यानंतर डिव्हएमएमसी सरळ मागे ओढून सोडवावे, आणि यंत्र कोमट असेपर्यंत झाकून न ठेवता पूर्ण थंड झाल्यावर सिलिका जेलच्या पुडीसह पेटीत ठेवावे.