पहिलीचं वाचन: मुळाक्षरं संपायची वाट पाहू नका

पहिलीचा वर्ग नव्याने हाती आला की बेत बहुतेक वेळा ठरलेला असतो: जूनमध्ये स्वर, दिवाळीपर्यंत व्यंजनं, मग बाराखडी आणि संक्रांतीच्या सुमारास शब्द. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात मूल सहा-सात महिने काहीही वाचत नाही, नुसती अक्षरं ओळखत राहतं. ३४ व्यंजनांची बाराखडी म्हणजे चारशेहून जास्त आकार. एवढं सगळं कशासाठी लक्षात ठेवायचं, हेच मुलाला कळत नाही. पुढे दुसरी-तिसरीत 'अक्षरं येतात पण वाचता येत नाही' अशी जी मुलं दिसतात, त्यातली बरीचशी इथेच अडकलेली असतात.

यावर उपाय म्हणजे अक्षरगट. सुरुवातीला सहा व्यंजनं घ्या: क, म, ल, र, न, ब. जोडीला आ आणि काना. एवढ्यातून काका, मामा, बाबा, मका, काम, नाक, कान, मान, लाल, काल, मला, बारा, कमान, आला असे शब्द होतात. 'काल मामा आला' हे तर पूर्ण वाक्य झालं. या गटाला दोन ते तीन आठवडे द्या. पुढच्या गटात घ, स, त, प, ई आणि दुसरी वेलांटी घेतली की 'ताई घरी आली' वाचता येतं. प्रत्येक नव्या गटाचे शब्द करताना जुनी अक्षरं वापरायचीच, म्हणजे उजळणीला वेगळा तास लागत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात क्वेस्ट संस्थेने सुरुवातीच्या वाचनावर बरंच काम केलं आहे. जवळ असाल तर प्रत्यक्ष वर्ग पाहून या.

गट ठरवताना दोन गोष्टी सांभाळा. दिसायला सारखी अक्षरं एका गटात नकोत: म-भ, घ-ध, ब-व, थ-य, प-ष. एक पक्कं झालं की मगच दुसरं, मध्ये निदान महिनाभराचं अंतर हवं. दुसरं म्हणजे स्वरचिन्हांचा क्रम. ऱ्हस्व आधी, दीर्घ नंतर ही सवय सोडा. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार सहसा दीर्घ लिहितात (आणि, परंतु असे थोडे अपवाद), त्यामुळे पाटी, भाकरी, लाडू, खडू, काजू या रोजच्या शब्दांसाठी दीर्घ चिन्हंच आधी लागतात. काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दुसरा उकार असा क्रम चालतो. पहिली वेलांटी बऱ्याच उशिरा घ्या. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चारात नंतर येते, म्हणून डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल 'किती'जवळ हमखास अडखळतं. ङ आणि ञ पहिलीत सोडले तरी काही बिघडत नाही.

तक्त्यांबद्दलही थोडं. 'क कमळाचा' म्हणताना मुलाला चित्राचं नाव पाठ होतं, आवाज नाही. ळ आणि ण यांची पंचाईत तर आणखी मोठी, कारण त्यांनी शब्द सुरूच होत नाहीत. 'ळ बाळाचा' शिकलेलं मूल ळ दिसला की 'बा' म्हणतं, ते त्याच्या परीने बरोबरच असतं. तक्ता भिंतीवर असू द्या, पण अक्षराची ओळख आवाजातून करून द्या. 'का'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधा, 'ळी'ने संपणारे शब्द सांगा (केळी, गोळी, विळी), टाळ्या वाजवून शब्द तोडा. टाळ्यांसाठी मामा, टोपी, चपाती, केळी असे शब्द निवडा. 'भाकरी'ला मूल दोनच टाळ्या वाजवेल, कारण बोलताना आपण 'भाक्-री' म्हणतो; त्याचा कान बरोबर आहे, शब्दाची निवड चुकली. तक्ते फोनवर किंवा संगणकावर तयार करत असाल तर ल आणि श हिंदी वळणाचे तर आले नाहीत ना, हे छापण्याआधी बघा. पुस्तकात एक आणि भिंतीवर दुसरं दिसलं की मुलं गोंधळतात.

बाराखडी गाता येणं आणि वाचता येणं यांतला फरक पाहायला अर्धं मिनिट पुरतं. फळ्यावर नुसतं 'मे' लिहा. मूल मनातल्या मनात म, मा, मि, मी करत तिथवर पोचत असेल, तर त्याला क्रम येतो, चिन्ह येत नाही. पाठ्यपुस्तकातला धडाही असाच पाठ झालेला असतो. वाक्य शेवटच्या शब्दाकडून उलटं वाचायला सांगा किंवा तेच शब्द नव्या वाक्यात लिहून द्या, लगेच कळेल. दर महिन्याला प्रत्येक मुलाला एकट्याने दोन-तीन मिनिटं न वाचलेला मजकूर द्या आणि कुठे अडलं तेवढंच वहीत टिपा. मार्क नकोत.

मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच मोजा. मग पुढचा भाग बोटाने झाकून पहिलं अक्षर वाचायला लावा. तरीही जमलं नाही तर शब्द सरळ सांगा आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचून घ्या. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि अर्थाचा धागा तिथेच तुटतो. 'पाणी' लिहिलेलं असताना मुलाने 'पानी' वाचलं तर थांबवू नका. त्याने अक्षर ओळखलं, अर्थ लावला आणि घरच्या बोलीत उच्चारलं. घरी अहिराणी, कोरकू, वारली किंवा गोंडी बोलली जात असेल, तर गोष्टीवरच्या गप्पा त्या भाषेत होऊ द्यात. जो शब्द मुलाने कधी ऐकलेलाच नाही, तो जोडून वाचला तरी त्याच्यासाठी निरर्थकच राहतो.

पालक 'घरी काय करून घेऊ?' म्हणून विचारतात आणि बहुतेकांच्या मनात गिरवण्याची वही असते. ती नको. रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं याला घरी तोड नाही. पानावर एक-दोन ओळी असलेलं चित्रांचं पुस्तक घ्या. मूल समोर नको, शेजारी बसवा, म्हणजे अक्षरं त्याला सरळ दिसतात. शब्दांखालून बोट फिरवा. एखाद-दुसऱ्या ठिकाणी 'आता काय होईल?' एवढंच विचारा. मध्येच 'हे कुठलं अक्षर?' केलं की गोष्ट मेली. तेच पुस्तक आठवडाभर मागितलं तर आठवडाभर वाचा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, सुरुवातीला पहिल्या पातळीच्या निवडा. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर चित्रं बघत गोष्ट रचायची, आजीने गोष्ट सांगायची, मुलाने ती उलट आजीला सांगायची. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, किराणाची यादी हेही वाचनच. यादीत मुलाने 'साखर'चं 'सखर' लिहिलं तर खोडू नका, 'वाच बघू' म्हणा. काना कुठे राहिला हे पुष्कळदा त्याचं त्यालाच सापडतं.

जोडाक्षरांची घाई करू नका. आधी पक्का, कच्चा, गप्पा अशी द्वित्तं (एकच व्यंजन दोनदा), मग दांडा गाळून होणारी (बस्ता, म्हैस), आणि र सगळ्यात शेवटी. सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या यांतला र चार वेगळ्या रूपांत येतो, म्हणून चार वेगळे दिवस द्या.

वेगाबद्दल विचारणा होतेच. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'घराजवळच्या विहिरीवर' हे मोजायला दोन शब्द, वाचायला अकरा अक्षरं. घड्याळ लावाच, मात्र मजकुरातले शब्द केवढे आहेत ते आधी पाहा आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारल्याशिवाय वेग नोंदवू नका.

रोज शाळेत येणारं मूल दुसरीच्या दिवाळीनंतरही दहा-बारा अक्षरांच्या पुढे सरकत नसेल, तर सराव वाढवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा अंधुक दिसणं, कान वारंवार फुटणं या गोष्टी 'लक्ष देत नाही' या शेऱ्याखाली वर्षभर झाकल्या जातात. दोन्ही ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेच्या दृष्टीने तज्ज्ञांना दाखवा. पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाच्या आधी सहसा करत नाहीत, पण छोट्या गटातली मदत त्यासाठी थांबवायचं कारण नाही.