मॅस्टोडॉनवर बुद्धिबळ खेळायचंय? मग असं खेळा

मॅस्टोडॉन, मिस्की, प्लेरोमा या एकमेकांशी जोडलेल्या सोशल नेटवर्कांवर बुद्धिबळ खेळायला वेगळं अ‍ॅप लागत नाही, रिप्लाय देता आला की झालं. समोरचा दुसऱ्या सर्व्हरवर असला तरी चालतं, सगळे अ‍ॅक्टिव्हिटीपब ही एकच सामाईक भाषा बोलतात. फक्त इथे पंच कोणी नाही. तुम्ही उंट सरळ रेषेत नेलात तरी सर्व्हर ती चाल मुकाट्याने पोचवणार, त्याच्यासाठी ते नुसतं टेक्स्ट. त्यामुळे खरी मेहनत आहे ती दोघांच्या समोर पट एकसारखा ठेवण्याची. पत्राने खेळायचे तेव्हाही हेच होतं, लंडन आणि एडिंबराचा १८२४ चा सामना तर चार वर्षं चालला, आपल्याला निदान टपालाची वाट बघायला नको.

आधी पहिल्याच पोस्टमध्ये ठरवून टाका: पांढरे कोणाचे, एका चालीला किती दिवस, आणि इंजिन, म्हणजे चाल सुचवणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम, वापरायचं नाही. इंजिन पकडायला कोणी येणार नाहीये, तेवढा भरवसा नसेल तर खेळूच नका. पोस्ट अनलिस्टेड ठेवा म्हणजे सर्व्हरची सार्वजनिक टाइमलाइन तुमच्या प्याद्यांनी भरणार नाही. फक्त मेन्शन केलेल्यांना दिसणारी पोस्टही चालेल, पण ती एन्क्रिप्टेड नसते, अ‍ॅडमिनला वाचता येते, डावात गुपित काय असणार म्हणा.

मग लिचेस या बुद्धिबळाच्या साइटचं अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडा आणि इंजिनचं बटण बंद आहे ना ते पहिल्यांदा बघा. तिथे डाव पहिल्यापासून चाल-चाल करत मांडा. खाली फेन (FEN) नावाची, पटाची सगळी स्थिती सांगणारी एक ओळ दिसते, ती कॉपी करून चालीच्या खाली चिकटवायची. म्हणजे पोस्टमध्ये चालीचा नंबर, चाल आणि फेन, मॅस्टोडॉनच्या नेहमीच्या ५०० अक्षरांत आरामात बसतं. पटाचा फोटो टाकलात तर ऑल्ट टेक्स्टही, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, लिहा, स्क्रीन रीडरवाले पण खेळतात.

नुसता फोटो का नको ते सांगतो. समजा तुमचा राजा ई१ वर, हत्ती एच१ वर, मधली घरं मोकळी, बघणाऱ्याला वाटणार कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) होतंय की! पण तोच हत्ती मघाशी जी१ ला जाऊन परत आलेला असतो, म्हणजे त्या बाजूचा हक्क गेला. फोटोत हे कळत नाही, फेनच्या तिसऱ्या भागात कळतं, आं पासां (दोन घरं पुढे गेलेलं प्यादं लगेच पुढच्या चालीत प्याद्याने मारणं) शक्य आहे का ते चौथ्यात. म्हणूनच सोंगट्या बोर्ड एडिटरमध्ये हाताने मांडू नका, तिथे कॅसलिंगचे हक्क तुम्हीच टिक करता आणि मग भांडण ठरलेलंच.

रिप्लाय कायम शेवटच्या चालीलाच द्या, नाहीतर धाग्याला फाटे फुटतात आणि एकाच डावाचे दोन डाव होतात. चाल एडिट करायची नाही हे पण आधीच ठरवा. चुकलात तर चुकलात.

गर्दी विरुद्ध एक असं खेळायचं असेल तर पोल लावा. मॅस्टोडॉनच्या पोलमध्ये साधारण चारच पर्याय मिळतात, त्यामुळे कोणत्या चार चाली द्यायच्या हे कोण ठरवणार ते बघा, तिथेच अर्धा डाव ठरतो. आणि पर्याय नंतर बदललात तर पडलेली मतं शून्य होतात.

डाव संपला की लिचेसवरून पीजीएन, म्हणजे सगळ्या चालींची फाइल, उतरवून ठेवा, कारण सर्व्हर बदललात तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत, आणि ऑटो डिलीट चालू असेल तर अर्ध्या चाली डाव चालू असतानाच गायब होऊ शकतात.