अमेरिकेत आपल्याच दोन कंपन्यांत शेअर विकताना: कलम ३०४

एकाच व्यक्तीच्या ताब्यातल्या एका कंपनीचे शेअर दुसरीला रोखीने विकले, तर अमेरिकी आयकर संहितेचे कलम ३०४ ती विक्री बायबॅक, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणे, समजते. ताबा म्हणजे मतांचे किंवा मूल्याचे किमान ५० टक्के. कुटुंबीयांचे शेअरही बहुधा यात धरले जातात.

आधी, विकलेल्या कंपनीतला तुमचा हिस्सा व्यवहाराच्या आधी आणि नंतर मोजा. चूक इथेच होते: खरेदीदार कंपनीमार्फतचा हिस्साही तुमचाच. समजा, ‘क्ष’ आणि ‘य’ पूर्ण तुमच्या आहेत. ‘क्ष’चे १०० पैकी २० शेअर ‘य’ला १,००,००० डॉलरला विकले. थेट ८०, ‘य’मार्फत २०, हिस्सा १०० टक्केच. हिस्सा घटलाच नाही, म्हणून ही रक्कम लाभांशाच्या नियमांत जाते.

आता करहिशेबातला नफा पाहा, आधी खरेदीदार कंपनीचा, मग दुसरीचा. ‘य’कडे ६०,००० आणि ‘क्ष’कडे २५,००० असतील, तर ८५,००० लाभांश. उरलेले १५,००० शेअरच्या मूळ किमतीतून वजा होतात, त्यावरचे भांडवली नफा.

व्यक्तीसाठी पात्र (कायद्याच्या अटींत बसणाऱ्या) लाभांशाचा आणि दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कराचा दर सारखाच असतो. खरा फटका वेगळा: लाभांशातून शेअरची मूळ किंमत वजा करता येत नाही. म्हणून दोन्ही कंपन्यांच्या नफ्याचा हिशेब विक्रीआधीच करून घ्या.